तळ्याकाठचं गरम पाणी

लडाख
ता. ८ सप्टेंबर २०२४

ती. मंगल आक्कास,
विक्रमचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि इथे रेंज येत नाही, म्हणून पत्र. परवा रस्त्याच्या कामावरून परतताना आमची गाडी आडवाटेला वळली. दोन तास नुसती खडी आणि वाळू, झाड औषधालाही नाही. मग डोंगरांच्या मधे निळंशार तळं, आणि अगदी काठाला जमिनीतून वर येणारं कढत पाणी. एक हात तळ्यात घातला तर बधिर होतो, दुसरा झऱ्यात घातला तर पोळतो.

गुडघ्यांच्या ऑपरेशनची तारीख ठरल्याचं कळलं. पण आक्का, ऐक. तिथे एक म्हातारा काठी टेकत आला, तासभर पाय बुडवून बसला आणि काठी तिथेच विसरून चालता झाला. आपल्या गावचा रवळू सुट्टीवर येतोय, त्याच्यासोबत बाटलीभर पाणी धाडलंय. गुडघ्यांना चोळ. ऑपरेशनची घाई नको.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझा विक्रम


सांबरा
ता. २७ सप्टेंबर २०२४

चि. विक्रमास,
आक्काचे अनेक आशीर्वाद.

रवळूने बाटली आधी दिली आणि पत्र चार दिवसांनी, खिशातच राहिलं म्हणे. एवढ्या लांबून आलेलं पाणी म्हणजे तीर्थच. मी देव्हाऱ्यात ठेवून हळदकुंकू वाहिलं आणि गल्लीतल्या बायकांना पळीपळी दिलं. शेजारची अक्काताई म्हणाली, लई उग्र हाय गं, पण पुण्याचं हाय. आणि तिने पुन्हा हात पुढे केला. नंतर दोन दिवस ती घराबाहेर पडली नाही. चोळायला तळाचं चमचाभर उरलं होतं.

बेळगावच्या डॉक्टरांना मी ऑपरेशन नको म्हणून कळवून टाकलंय. त्यापेक्षा तुझ्याकडेच येते. अक्काताई तयार आहे, शेंगांची चटणीही कुटून ठेवलीय. कोणत्या महिन्यात यायचं ते कळव.

जेवणखाण वेळेवर कर आणि आक्काला विसरू नको.
मंगल


लडाख
ता. ११ ऑक्टोबर २०२४

ती. आक्कास सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी पोट धरून हसलो, मग डॉक्टरांना नको कळवल्याची ओळ पुन्हा वाचली. आक्का, तो म्हातारा मी रचलेला आहे. तळं खरं, झरा खरा. पाय बुडवले की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, गाडीत बसेपर्यंत पुन्हा दुखायला लागतं. आणि इथल्या विरळ हवेत धडधाकट जवानांना धाप लागते, तू कुठे येतेस.

खोटं का लिहिलं तेही सांगतो. आई हॉस्पिटलात गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, ती परत आलीच नाही. तू ऑपरेशनचं लिहिलंस आणि मला तेच दिसलं. इतकी वर्षं वर्दी घालून हा माझा धीर. पण माझ्या भीतीपायी तू जन्मभर भिंत धरून चालावंस, हे मला सोसणार नाही. डॉक्टरांना पुन्हा भेट.

चुकलो. जीव लावतेस तसाच लावत जा.
विक्रम


सांबरा
ता. २५ ऑक्टोबर २०२४

चि. विक्रमास अनेक आशीर्वाद.

काठी टेकणारा माणूस काठी विसरत नाही रे, मी रोज टेकते. तुझं खोटं मला वाचतानाच कळलं होतं. तरी धरून बसले, कारण भीती मलाही होती आणि नाही म्हणायला निमित्त मिळालं.

एक सांगायचं चाळीस वर्षं राहून गेलंय. आई हॉस्पिटलातून परस्पर मामाच्या गावाला गेलीय, असं तुला मीच सांगितलं होतं. तू महिनाभर संध्याकाळी एस.टी.च्या थांब्यावर जाऊन उभा राहायचास. मी लांबून बघायचे, पण खरं सांगायला जीभ रेटली नाही. त्याबद्दल मला माफ कर.

डॉक्टरांनी १८ नोव्हेंबर दिलीय. रजा काढून ये. मी नक्की बाहेर येईन असं लिहिणार नाही, आता आपल्यात खोटं नको. भीती वाटतेच आहे. पण या खेपेला थांब्यावर उभा राहू नको, माझ्या खाटेपाशी बस. काय होईल ते दोघांना एकदमच कळू दे.

वाट बघतेय.
तुझी आक्का