हत्तीखालचा शुक्रवार

मी, विश्वास रामचंद्र आवटी, वय त्रेपन्न, व्यवसाय क्ष-किरण तंत्रज्ञ, मूळ गाव मिरज, हल्ली राहणार सालमिया, कुवेत, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. बिघाड हृदयात आहे आणि येत्या रविवारी ते उघडून दुरुस्त करायचं ठरलं आहे. दडपण कुणाचं नाही. दडपण आणायला घरात कुणी असावं लागतं. पत्नी विजया सहा वर्षांपूर्वी वारली.

१. एकुलती मुलगी समिधा अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात शेवटच्या वर्षाला आहे. सरकारी म्हणजे स्वस्त, असं मलाही वाटलं होतं. ते त्या राज्यातल्या मुलांना स्वस्त. बाहेरच्यांना तोच वर्ग, तोच फळा आणि तिप्पट फी. चौथं वर्ष लागलं तरी ती बाहेरचीच, कारण शिकायला आलेल्याला ते रहिवासी धरत नाहीत. शिष्यवृत्ती मिळाली. पत्रात अभिनंदन भरपूर होतं; रकमेत पुस्तकं आली आणि थंडीचा एक कोट. बाकीची मदत रहिवाशांसाठी राखीव आहे, असं त्यांनी फार गोड भाषेत कळवलं.

२. धाकटे बंधू शरद तेव्हा म्हणाले होते, "दादा, पुण्यातली कॉलेजं बंद पडली का?" नाही पडली, शरद. पण पोरगी जन्मली इथे, दहावी-बारावी इथे, म्हणून महाराष्ट्राच्या लेखीही ती बाहेरची. एनआरआय कोट्याची फी ऐकून मी अमेरिकेचं पत्रक पुन्हा उघडलं. मिरजेचं घर तारण ठेवायला तुझी एक सही हवी होती. तू "बघू" म्हणालास. अजून बघतोच आहेस. त्या घरातला माझा अर्धा हिस्सा समिधाला. पुढेमागे तुला तिची सही लागेल, तेव्हा तिनेही "बघू" म्हणावं, अशी माझी इच्छा आहे. सक्ती नाही.

३. नोकरी संपल्यावर कंपनीकडून येणारी रक्कम समिधाच्या शेवटच्या सत्राच्या फीसाठी. राजीनामा दिला तरी ती मिळते, मेलो तरी मिळते. धडधाकट कामावर जात राहिलो तर मात्र मिळत नाही. हा विनोद मी मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाला दिला होता. "सणासुदीला नको" म्हणून परत आला. माझ्याकडचे जुने अंक मंडळाला द्यावेत. त्यांच्याकडचेही न वाचलेलेच असणार.

४. रफीक आणि असमा परकार यांना काही नाही. ते साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला काही ठेवू नये म्हणतात. तसंही सगळं त्यांच्याकडेच आहे. तीन वर्षांपूर्वी फीपायी मी सालमियाचा फ्लॅट सोडला आणि मिरकाबला चौघांच्या खोलीत एक खाट घेतली. तो परकारांनी भाड्याने घेतला; सोफा आणि भिंतीवरचा विजयाने कशिद्यात भरलेला हत्तीही ठेवून घेतला. दर शुक्रवारी मी तिथे जाऊन बेल वाजवतो, हत्तीखाली बसतो आणि समिधाशी व्हिडिओवर बोलतो. तिला माझ्यामागे आपलं घर दिसतं. बोलणं संपलं की कप विसळून निघतो. तिच्यामागे कायम लायब्ररीचं कपाट असतं. मीही विचारत नाही.

म्हणून वरचं "राहणार सालमिया" हे शुक्रवारपुरतं खरं धरावं.

५. देह मिरजेला पाठवावा, इथे दहनाची सोय नाही. सव्वीस वर्षं राहूनही इथे राहण्याचा परवाना पुन्हापुन्हा मागावा लागला. मिरजेचं स्मशान रहिवासाचा दाखला मागत नाही.

६. मी गेलो तर समिधाची डिसेंबरची परीक्षा संपेपर्यंत तिला कळवू नये. मध्येच उठून आली तर सत्र बुडेल, फी बुडेल. शुक्रवारी रफीकने नेट गेलंय म्हणून सांगावं. ऑपरेशनचंही तिला ठाऊक नाही.

इथवर वाचून असमाने पेन खाली ठेवलं. पुढचं बोलणं कागदावर आल्याशिवाय ती सही करणार नाही, म्हणून लिहितो.

"भाऊ, बाकी सगल्याला सही करते. या सहाव्याला नाय."

"अगं, सत्राच्या फीचा प्रश्न आहे."

"पोरीला मी फसवायची नाय. दर शुक्रवारी तुम्ही जिना उतरलात की तिचा मला फोन येतो. मावशी, बाबा जेवले का, मिरकाबची बस मिळेल का त्यांना."

"मिरकाब तिला कुणी सांगितलं?"

"मीच, तिनं विचारल्यावर. तुम्ही कॉल चालू असताना मला विचारता, जरा पाणी मिळेल का. आपल्या घरात असं कोण विचारतं, भाऊ?"

रफीक म्हणाला, "दोन वर्षं झाली त्याला. तुम्हाला सांगायचं नाय, अशी तिची शपथ होती."

सबब कलम सहा रद्द. त्याऐवजी: समिधाला त्याच दिवशी, त्याच तासाला कळवावं. यायचं की पेपर द्यायचा, ते ती ठरवेल. ऑपरेशनचं उद्याच्या शुक्रवारी मीच सांगेन, मिरकाबहून, खाटेवर बसून. मागे चौघांचे टॉवेल वाळत असतील. ते तिने बघावेत.

येणेप्रमाणे वाचून, भांडून आणि एक कलम हरून सही करतो.

साक्षीदार:
१. रफीक परकार
२. असमा रफीक परकार (नवीन सहावे वाचून)

ठिकाण: परकारांचे घर, सालमिया
दिनांक: १३ नोव्हेंबर २०२५

सही: विश्वास रामचंद्र आवटी
राहणार मिरकाब