गालावरची बोटं

३ फेब्रुवारी, सोमवार

पोचलो एकदाच्या! निवासी शाळेची नर्स म्हणून आज रुजू झाले. दवाखान्याला लागूनच खोली मिळालीय. दोन खिडक्या, स्वतंत्र नळ आणि एवढं मोठं कपाट की ठकी त्यात जाऊन बसली ती बाहेर यायलाच तयार होईना. (लेकीचं शाळेतलं नाव वेगळं, घरात ती ठकीच.) तिला तिसरीत लगेच घेतलं. तिचे बाबा बोटीवर, अजून सहा महिने यायचे नाहीत. तोवर आम्ही दोघीच.

दवाखान्याचा नुसता उकिरडा झाला होता. मुदत संपलेली औषधं टोपलीभर निघाली. वजनकाटा पाच किलो जास्त दाखवतो. निदान मी तरी तसंच मानून खाली उतरले.

इथली गंमत म्हणजे मुलं सगळीकडे जोडीनं, हातात हात घालून फिरतात. वर्गात, मैदानात, थेट मोरीच्या दारापर्यंत. झोपायच्या खाटासुद्धा जोडून ठेवलेल्या. मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, कारण विचारलं तर म्हणाल्या, आधीपासूनच आहे. सफाईच्या मावशी म्हणाल्या, ताई, बाकी काय हवं ते बदला, जोड्या तेवढ्या मोडू नका. मला हसू आवरेना.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सात मुलांचे गाल लालभडक. कोणीतरी सणसणीत थोबाडीत दिल्यासारखे. आमच्या पुस्तकात याला पाचवा आजार म्हणतात. थोडा ताप, थोडी सर्दी, मग गालावर पुरळ, पुढे ते दंडाकडे उतरतं आणि आपोआप जातं. घाबरण्यासारखं काही नाही, पण शाळेत पसरायला वेळ लागत नाही. मी आल्या आल्या साथ! चला, हाताला काम मिळालं.

जोड्या बंद केल्या. हातात हात नाही, खाटांमध्ये तीन हात अंतर, जेवणाआधी साबण. मोठ्या बाई का-कू करत होत्या. मी नियमावलीच पुढ्यात ठेवली, मग मुकाट्यानं सही केली. मावशी दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

पुरळ किती वाढतंय ते कळावं म्हणून मी त्याची कड पेनानं आखते आणि पातळ कागद ठेवून उतरवून घेते. पंधरा वर्षांची सवय आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

एकोणीस मुलं. दुपारी सगळे कागद टेबलावर मांडले. एवढ्या मुलांत एकाचाही उजवा गाल नाही, सगळ्यांचा डावाच. आणि नीट पाहिलं तर नुसता चट्टा नाही, चार बोटं आणि अंगठा आहे.

कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. तंतोतंत जुळले. हात एकच. माझा पंजा त्यावर ठेवला तर चहूबाजूंनी जागा उरली.

कामाचा शीण असेल. मोठ्या बाईंना दाखवायचं धाडस झालं नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पुरळ दंडावर उतरलं. पुस्तकात तसंच आहे, पण पुस्तकात ते जाळीसारखं पसरतं. इथे दंड धरल्याच्या खुणा आहेत.

पहिल्या सातांतली बोबडी, पुढचे दोन दात पडलेली, तिच्या तर मनगटाशी आलं. चालते तेव्हा तिचा उजवा हात थोडा पुढे, थोडा वर असतो. दुखतं का विचारलं. म्हणाली, नाही, फक्त ते भराभर चालतात. कोण, विचारलं तर माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मीच बावळट.

ठकीचा डावा गाल सकाळपासून तापलाय. उन्हात खेळली असेल.

१७ फेब्रुवारी, सोमवार

बोबडी नाही. सकाळी दहाला खाटेवर होती. मी शेजारच्या खोलीत गोळ्या वाटून परत आले, सव्वादहा झाले असतील. चपला खाटेखाली तशाच. पोलीस आले, पाण्याची टाकी उपसली, माळे पाहिले. काही नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आणखी दोन गेली. आईवडील येऊन मुलांना घेऊन गेले. शाळा रिकामी.

मावशी माझ्यासमोर बसून रडल्या. म्हणाल्या, त्या लहान असतानाही असंच झालं होतं. खुणा फिकट होईपर्यंत ज्यांचा दुसरा हात कोणी धरून ठेवला, ती राहिली. बाकीची नाही. म्हणून जोड्या. मी म्हटलं, सरळ सांगायचं होतंत. त्या म्हणाल्या, सांगितलं होतं, ताई.

मी केलं हे. चांगलं करते आहे असं वाटून केलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

घरी नेऊनही उपयोग नाही. एक मुलगा स्वयंपाकघरातून गेला, आई तांब्या भरायला वळली तेवढ्यात. दिवसभर फोन करतेय, एकेकाला सांगतेय, हात सोडू नका, काहीही झालं तरी. दोघांनी शिव्या दिल्या. त्यांचं काय चुकलं?

ठकीच्या दंडावर आलंय.

मावशींच्या नातीचा गाल लाल. त्या तिच्याकडे गेल्या. जायलाच हवं होतं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

मनगट. उजवं. डावा हात मी धरलाय, पहाटेपासून. गालावरचं फिकं पडू लागलंय. अजून तीन दिवस. तीनच. तेवढे काढीन.

ओढ लागते. ठकी बसलेली असते आणि तिचा हात ताणलेला—

२२ फेब्रुवारी, शनिवार

माझी बोटं ठणकताहेत. पुस्तकात आहे हेही. मोठ्या माणसांना गालावर येत नाही. सांधे धरतात. बहुधा हातांचे. शंभर वेळा वाचलंय—

बँडेजनं दोघींची मनगटं बांधली. डोळा लागला असेल क्षणभर. गाठ सुटलेली. माझी गाठ पंधरा वर्षांत कधी सुटली नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

बोटं मिटत नाहीत. लिहिते ते जागं राहायला. ठकी म्हणते, आई, दुखतंय तर सोड, ते थांबलेत, रागावत नाहीत. मी तिला म्हटलं, गप्प बस. तिच्यावर ओरडले. माझी पोर—

ती वाकून माझ्या बोटांवर फुंकर घालतेय, दुखू नये म्हणून.

करंगळी सुटली. ठकीनं नाही सोडवली, तिचा दुसरा हात तर— आता करंगळीशेजारचं बोट. कोणीतरी अगदी हळू, एकेक कर—