समासातली उत्तरं

प्रिय बाई,

सहा रविवार झाले, तुमचं बाक रिकामं आहे. त्यावर कुणी बसत नाही. तसं कुणी ठरवलेलं नाही, पण उशिरा येणारेसुद्धा मागे भिंतीशी उभे राहतात. फोन केला की तुम्ही "बरी आहे गं" म्हणता आणि ठेवून देता, म्हणून हे पत्र. पत्र मध्येच ठेवून देता येत नाही. शिवाय शिक्षिकेच्या हाती लिहिलेला कागद आला की ती तो शेवटपर्यंत वाचते, चुका काढायला का होईना, एवढा माझा भरवसा आहे.

आधी आपल्या रविवारच्या शिक्षणशास्त्राच्या वर्गाच्या बातम्या सांगते. संख्याशास्त्र संपलं एकदाचं. शेवटच्या तासाला सरांनी विचारलं, कुणाला काही शंका? सगळे तुमच्या बाकाकडे बघायला लागले, कारण आमच्या सगळ्यांच्या शंका तुम्हीच विचारायच्या. "सर, माझ्यापुढे हे पालथ्या घड्यावर पाणी आहे, पण तुम्ही ओता," असं तुम्ही म्हणायच्या आणि त्या निमित्ताने आम्ही पस्तीस घडे थोडे थोडे भरून घ्यायचो. आता सगळ्यांना सगळं समजतं. म्हणजे कुणालाच काही समजत नाही.

पहिला दिवस आठवतो का हो? मी चोवीस वर्षांची, तुम्ही चोपन्न. प्रवेशाच्या खिडकीवरचे कारकून म्हणाले, पालकांनी बाहेर थांबावं. मी लाजेने अर्धी झाले. तुम्ही शांतपणे म्हणालात, थांबते की, पण हजेरी माझी लागली पाहिजे. तेव्हापासून सगळे आपल्याला थोरली आणि धाकटी म्हणू लागले. दुपारच्या सुट्टीत जिन्यात डबा खाताना मी तुम्हाला प्रमाण विचलन समजावायची आणि तुम्ही मला मुलं समजावायच्या. तुम्ही एकदा सांगितलं होतं, मुलाचं उत्तर चुकलं तर ते खोडायच्या आधी विचारावं, तुला हे कसं सुचलं? मी ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं. चार महिन्यांनी तेच अभ्यासक्रमाच्या जाडजूड पुस्तकात भेटलं, मोठ्या नावाने, दोन आकृत्यांसह. मला इतका अभिमान वाटला, जणू माझ्या सख्ख्या मावशीचं नाव छापून आलं होतं.

आमच्या घरात पुस्तकं पुष्कळ, पण सगळी दुसऱ्यांची आणि सगळी उसवलेली. बाबा बाइंडिंग करतात, आई शिलाईला मदत करते. तीस वर्षं दोघांनी लोकांचे प्रबंध बांधले. माझ्या प्रबंधासाठी त्यांनी मरून रंगाचं कापड आत्ताच बाजूला काढून ठेवलंय. दर आठवड्याला विचारतात, किती पानं झाली? शंभरच्या आत राहिलीस तर पुस्तकाच्या पाठीवर नाव मावायचं नाही, ही त्यांची खरी काळजी. घरातली पहिली पदवीधर असणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. मी चुकू शकते हे आमच्या घरात कुणाला माहीतच नाही.

आणि मी चुकले, बाई. कुठे ते तुम्हाला ठाऊक आहे असं तुम्हाला वाटतं. चूक ही, की मी तुमच्या वर्गाचे आकडे सगळ्यांसमोर मांडले. नाही. चूक त्याच्याही आधीची आहे.

आपल्याला एकमेकींचा वर्ग पाहायचा होता. चाळीस मिनिटं, छापील तक्ता, शिक्षकाच्या प्रत्येक प्रश्नाला एक रेघ. तक्त्याच्या माथ्यावर स्पष्ट लिहिलंय, निरीक्षकाने वर्गाच्या मागे बसावे. तुमच्या तिसरीच्या वर्गात मागे जागा नव्हती, म्हणून मी पुढे कपाटापाशी खुर्ची टाकली. मान खाली घालून रेघा ओढत राहिले. तुमचा आवाज ऐकायचा, ज्याचं नाव घेतलं त्याच्या रांगेपुढे रेघ मारायची. सेहेचाळीस प्रश्न. त्यातले चार मागच्या दोन रांगांना. तुमच्या हालचालींच्या रकान्यात मी लिहिलं, 'फेऱ्या मारतात.' खाली निष्कर्ष लिहिताना मला अगदी शास्त्रज्ञ झाल्यासारखं वाटलं होतं.

परिसंवादात ते आकडे मी फळ्यावर मांडले. तुमचं नाव घेतलं नाही, पण तिसरीचा वर्ग कुणाचा हे सगळ्यांना माहीत होतं. आपल्यातले ते विज्ञानाचे मास्तर म्हणाले, बाईंच्या मागच्या रांगांना बारा महिने सुट्टी दिसतेय. लोक हसले. त्यांच्यासोबत मीसुद्धा किंचित हसले, ते मला अजून टोचतं. आपली बाजू मांडा, असं सर तुम्हाला म्हणाले. मला वाटलं, आता थोरली मला कानामागून येऊन तिखट झालेली म्हणणार, सगळे पुन्हा हसणार आणि विषय संपणार. तुम्ही उठलात, फळ्याकडे बराच वेळ पाहिलंत आणि एवढंच म्हणालात, "पोरीने मोजलंय, म्हणजे बरोबरच असणार." मग वही पिशवीत घातलीत. त्यानंतर तुम्ही आला नाहीत.

तुम्ही माझ्यावर रागावल्या आहात असं मी पंधरा दिवस धरून चालले. माफी मागायला तुमच्या शाळेत आले, तर तुम्ही रजेवर. मुख्याध्यापिका हातात खडू घेऊन दारात उभ्या होत्या आणि वर्गात गोंधळ चालला होता. माझी शाळा दुपारची आहे हे कळल्यावर त्या म्हणाल्या, सकाळी मोकळ्या असाल तर बाई येईपर्यंत वर्ग सांभाळा. हे तुमच्या कानावर आलंच असेल. गेले चार आठवडे मी तुमच्या टेबलाशी उभी आहे. बसत नाही, उभीच असते.

पहिल्याच सकाळी माझे आकडे सुधारायचे म्हणून मी मुद्दाम मागच्या रांगेकडे वळले. दोन वेण्यांच्या, चष्म्याच्या त्या मुलीला नाव घेऊन विचारलं, सत्तावीसमधून नऊ गेले तर किती? तिचे ओठ मिटले, कान लाल झाले, शेजारची दोघं खाली बघायला लागली. मी समजूत घातली, पुन्हा विचारलं, आणखी मोठ्याने विचारलं. तेव्हा तिने वही हळूच बाकाच्या कडेला सरकवली आणि समासावर बोट ठेवलं. मी वाकले. ती कानात म्हणाली, "मोठ्यानं नाही. इथं."

समासात अठरा लिहिलेलं होतं. त्याच्या वर, खाली, मागच्या पानावर, त्याच्याही मागच्या पानावर तशीच बारीक उत्तरं आणि प्रत्येकापुढे हिरव्या पेन्सिलची इवलीशी खूण. काही ठिकाणी खुणेऐवजी नुसता ठिपका. ठिपका म्हणजे काय, असं विचारलं तर ती म्हणाली, ठिपका म्हणजे 'चुकलंय, परत बघ'. मग तिनेच मला तुमची रीत शिकवली, तुकड्या-तुकड्याने, तीन दिवस लावून. बाई पुढच्यांना मोठ्याने विचारतात. पुढचे हात नाचवत असतात तेव्हा बाई मागे येऊन बोट टेकवतात. आधी समासात लिहायचं. मग बाईंच्या कानात सांगायचं. मग शेजारणीला. मग मोठ्याने. मोठ्याने आलं की पुढच्या बाकावर.

बाई, शेवटचं वाक्य ऐकून मी सगळ्या वह्या गोळा केल्या. मला मोजायची खोड आहे, पण या वेळी आधी डोळे उघडे ठेवले. पुढच्या दोन रांगांत चौदा मुलं बसतात, ज्यांच्यापुढे मी बेचाळीस रेघा मारल्या होत्या. त्यांतल्या अकरा जणांच्या वह्यांची सुरुवातीची पानं हिरव्या खुणांनी भरलेली आहेत. पुढे त्या विरळ होत जातात आणि एका पानानंतर समास कोरे. ज्यांना मी तुमची लाडकी समजले, ती वर्षाच्या सुरुवातीला तोंड न उघडणारी मुलं होती. माझ्या रेघा खोट्या नव्हत्या. फक्त त्या वाचता येण्यासाठी मला तुमच्या वर्गात वर्षभर बसायला हवं होतं, आणि मी चाळीस मिनिटं बसले, तीही कपाटापाशी.

पण मला रात्रंदिवस पडलेला प्रश्न वेगळाच होता. तुम्ही हे त्या दिवशी सांगितलं का नाही? आता वाटतं, मला उत्तर सापडलंय. चुकलं तर ठिपका द्या. तुम्ही याला प्रश्न विचारणं समजतच नाही. तुमच्या लेखी ती नुसती जाता-येता केलेली चौकशी, जशी आई स्वयंपाक करता करता मुलाच्या कपाळाला हात लावून बघते. पुस्तकातलं ते शिकवणं आणि आपलं ते आपलं, असं तुम्ही ठरवून टाकलंय. म्हणून फळ्यावर आकडे दिसल्यावर तुम्ही माझ्यावर रागावला नाहीत. तुम्हाला ते खरेच वाटले. तीस वर्षांनी कुणी सांगावं की तू मागच्या मुलांकडे पाहिलंच नाहीस, आणि ते आपल्याला पटावं, यापेक्षा तुम्ही मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

मी सरांकडे गेले. वह्या नेल्या नाहीत, त्या मुलांच्या आहेत, पण पानोपानी टिपण काढून नेलं. मूळ अहवालावर लिहिलं, 'निरीक्षक चुकीच्या जागी बसली होती, निष्कर्ष रद्द समजावा.' सरांनी सगळं वाचलं, चष्मा काढून पुसला. "तक्त्यात एक रकाना कमी आहे," म्हणाले. माझा अहवाल पुन्हा करायचा आहे, त्याचं काही नाही. दोन रविवारांपूर्वी मी सगळं वर्गासमोर मांडलं, या वेळी तुमचं नाव घेऊन. विज्ञानाचे मास्तर तासानंतर माझ्याकडे आले आणि खाली बघत विचारलं, ती पेन्सिल हिरवीच लागते का? दुसरी चालते, म्हटलं. त्यांच्या सातवीतली तीन मुलं आता समासात उत्तरं देतात, आणि ते हे सगळ्यांना स्वतःचा शोध असल्यासारखं सांगत फिरतात. तुम्ही त्यांचं हे घोडं दामटणं ऐकायला हवं होतं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं, ते. सोमवारी मुख्याध्यापिकांनी मला बोलावलं, दार लावलं आणि सांगितलं की तुमचा स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज आलाय, आणि तुमच्या जागी त्या माझं नाव सुचवणार आहेत. कायम जागा, बाई. खोटं कशाला बोलू, मला ती हवी होती. बाबांना कळलं असतं तर त्यांनी दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं असतं. मी एक दिवस मागून घेतला आणि मंगळवारी नकार लिहून दिला. घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही. हे तुमच्यावर उपकार म्हणून केलेलं नाही आणि त्याचं ओझं तुम्ही घेऊ नका. तुम्ही परत या किंवा येऊ नका, माझा नकार आता फिरत नाही. एवढंच, की माझ्या रेघांनी रिकामी झालेल्या खुर्चीवर मला बसता येणार नाही. तुम्ही थकला असाल तर जा. कंटाळला असाल, गुडघे दुखत असतील, नातवंडांत रमायचं असेल तर खुशाल जा, मी स्वतः निरोपाचं भाषण करीन आणि मध्येच रडेन. पण तुम्ही वाईट शिक्षिका आहात असं समजून जाऊ नका, कारण ते मी सांगितलं होतं आणि मला तेव्हा काही कळत नव्हतं. तुमचा अर्ज पुढे पाठवलेला नाही, मुख्याध्यापिकांच्या खणात आहे. शनिवारी बारा वाजेपर्यंत तो परत घेता येतो. शाळा सातला उघडते.

तुमचीच,
धाकटी