परत फिर रं गड्या

१८ जुलै, शुक्र.
सुट्टी. गालातली, इथल्या कारखान्यांच्या भागातली, सगळी गॅरेजं बंद. मस्कतच्या या उन्हात बाहेर पाय टाकवत नाही. गौरी-गणपतीच्या जाखडी नाचासाठी दिनेशला गाणं हवंय. धाकटा भाऊ, वाडीच्या मंडळाचा गायक. गाणी माझ्याकडून जातात. चाल कालच सुचली, पिकअपचा दरवाजा ठोकताना. डेंटरचा हातोडा लयीत पडायला लागला की शब्द आपोआप येतात. मुखडा झाला:

परत फिर रं गड्या, तुझी वाट बघते वाडी.

रूममधला शाजी, केरळचा पेंटर, म्हणाला, "भाई, फिर से गाओ." शब्द कळले नसणार. परत गायलो.

२५ जुलै
कडवी पाठवली. भातलावणी, बैलजोडी, विहिरीवरच्या बायका. दिनेशचा व्हॉइस मेसेज: "दादा, बैल हायत कुठं आता? टिलर आणतो भाड्यानं. विहिरीवर तरी कोण जातंय, नळ आलाय." बदलतो म्हटलं. "नको, ऱ्हाऊ दे. मुंबईवाले रडतात यावर."
लिहिताना मीच रडलो होतो. सांगितलं नाही.

२ ऑग.
तालमीचं रेकॉर्डिंग आलं. मृदंग, घुंगरं, आणि दिनेशचा गळा. काय गातो! रूममध्ये चौघं, माझ्याशिवाय मराठी कुणालाच येत नाही. कानात वायर घालून एकटाच ऐकत बसलो, परत परत.
सप्टेंबरात व्हिसा संपतोय. यंदा रिन्यू नको. खलास.

३ ऑग.
बायकोला, सुमनला, फोनवर सांगितलं. म्हणाली: "गाणं बरं हाय. पण हितं येऊन करणार काय तुमी?"
शेती, म्हटलं.
"गाण्यातली?"
रागानं फोन ठेवला. तिचं तरी काय चुकलं? इतकी वर्षं घर एकटीनं ओढलंय. माझ्याशिवायची सवय झालीय का, हे विचारायचं धाडस झालं नाही.

१० ऑग.
अर्बाबला, गॅरेजच्या मालकाला, सांगितलं, जातो. त्याला वाईट वाटलं. "तुम जाता, मुश्किल नहीं. लेकिन तुम्हारा जैसा आदमी दो." बघतो म्हटलं.

११ ऑग.
दिनेशचा फोन. वहिनीकडून कळलं त्याला. वाटलं, खूश होईल.
"दादा, तुझ्या जाग्यावर माझं होईल का? पत्रा ठोकायला येतं मला."
येतं खरंच. चिपळूणला शिकलाय.
"हितं काय हाय, सांग ना."
विचारलं, मग गाणार कोण?
"तू येतोयस ना."
मला गळा नाही. त्याला माहीत आहे.

१४ ऑग.
दिनेशनं पासपोर्टचा फोटो पाठवलाय. अर्बाब दोनदा विचारून गेला. फोटो त्याला पुढे पाठवला की दिनेश इथे, मी तिथे. वाडीत आमच्यातला एकच, आजवर होता तसा. शाजी गाण्याचा अर्थ विचारत होता. सांगितला. "तो जाओ ना, भाई," म्हणाला, इतकं सोपं.
फोटो पाठवला नाही अजून. नाहीच पाठवला, तर दिनेशला काय सांगू? गावातच राहा, तिथंच सुख आहे, असं? ते तर गाण्यात लिहून झालंय.