पेनानं लिहिलेलं कसब

अहो,

डब्यात भाकरी आणि शेपूची भाजी आहे. मी पौर्णिमाकडे पुढं गेले. फासे टाकून, पात्रं घेऊन गोष्ट रंगवायचा आपला खेळ तुमची ही पुतणीच चालवते; आज ती त्यात राक्षसाची गढी उघडणार आहे, आणि तुम्ही पोचायच्या आत मला माझ्या पात्राच्या कागदावर तिची सही हवी.

चौथ्या पातळीला प्रत्येक पात्राला एक नवं कसब निवडता येतं. माझ्या तलवारवालीसाठी मी ‘सावधपणा’ लिहिला होता. काल पाहिलं, तर तो खोडून तुमच्या सुवाच्य अक्षरात ‘मलमपट्टी’. विचारलं, तर म्हणालात, “अगं, जोडीनं खेळायचं तर एकानं तोडायचं, एकीनं सांभाळायचं. लई कामाचं कसब हाय ते.”

माझे आईबाप शिरूरहून ऊसतोडीला जायचे. बाप तोडायचा, आई मोळ्या बांधून डोक्यावर वाहायची, आणि मुकादम दोघांना मिळून एक कोयता मोजायचा. मी विचारलं, “आई, मग तू कुठं मोजली?” ती म्हणाली, “मी बी त्यातच हाय की.”

मी त्यात नाही. सावधपणा घेतला की लढाईत सगळ्यांच्या आधी पाळी माझी. तुमची नंतर येईल, घाई नाही.

या वेळी पेनानं लिहिलंय. खोडरबर घरीच ठेवा.

मलमपट्टी कामाची आहे, हे मात्र मान्य. तुमच्या कागदावर कसबाची जागा अजून रिकामीच आहे. खेळाच्या नियमांच्या पुस्तकातलं मलमपट्टीचं पान दुमडून ठेवलंय.

राजश्री