सातविणीचे अकरा खिळे

३ सप्टेंबर १९३३, रविवार

रत्नागिरीस येऊन आज चौथा दिवस. वाईहून निघताना सगळ्यांनी बजावलं होतं की कोकणात पाऊस, साप आणि भांडकुदळ माणसं यांखेरीज काही मिळायचं नाही. म्हणोत बापडे! आज सकाळी विमलाला घेऊन सड्यावर गेलो आणि माझी बदली करणाऱ्या साहेबाला मनापासून दुवा दिला. कातळावर माती म्हणाल तर बोटभर, पण पाय ठेवायला जागा नाही इतकी फुलं. निळी सीतेची आसवं, मधूनमधून पांढरे गेंद. विमलाने चपला काढून हातात घेतल्या. म्हणाली, यांच्यावरून चपलेनं चालणं बरं दिसत नाही.

आम्हा नवराबायकोला घर खालच्या आळीत मिळालं. घरमालक भिकाजी तांडेल. त्यांची हयात गलबतांवर गेली, आता परसात काजूची तीस झाडं लेकरांसारखी सांभाळतात. शाळेत मला शास्त्र हा विषय दिला आहे. मनात एक बेत पक्का केला आहे. गावकऱ्यांचं वनश्री मंडळ काढायचं. दर रविवारी सहल, झाडांची ओळख, आणि शेवटी तासभर अंगमेहनत. इथली झाडं इथल्याच लोकांनी राखायची. लोक आनंदाने येतील याविषयी मला शंका नाही.

१० सप्टेंबर, रविवार

सतरा जणांनी नावं दिली होती. आले तीन. त्यांतले एक भिकाजी, आणि ते आले विमलाच्या तिखटमिठाच्या पुऱ्यांसाठी. उरलेले दोघे पेन्शनर सड्याच्या चढणीवर कौन्सिलच्या निवडणुकीवरून भांडले आणि दोन वाटांनी घरी गेले. न आलेल्यांची कारणं ऐकावीत: पितृपंधरवडा आहे, पाठीत उसण भरली, म्हैस व्यायली. एका गृहस्थांनी तर सरळ विचारलं की झाडं आपोआप वाढतात, त्यात मंडळ कसलं? पालथ्या घड्यावर पाणी!

विमलाने वीस माणसांच्या पुऱ्या लाटल्या होत्या. ती आता याला मास्तरांचं एकट्याचं मंडळ म्हणते. हसलो, पण झोंबलं.

१७ सप्टेंबर, रविवार

आज कोणीच नाही. भिकाजीही नाहीत. मी आणि विमला दोघेच सड्याच्या उतारावरच्या देवराईत गेलो. काय राई आहे! बकुळ, किंजळ, नाणा; एकेका वेलीची जाडी माझ्या मांडीएवढी. देव म्हणजे एक शेंदूर फासलेला पाषाण. राईतलं वाळलेलं पानसुद्धा घरी न्यायचं नाही अशी रीत आहे, म्हणून तर ती टिकली. मात्र कडेने घाणेरीचं रान माजलंय, ते आत शिरतंय.

मधोमध एक प्रचंड सातवीण आहे, आणि तिच्या बुंध्यात वीतवीतभर लांबीचे लोखंडी खिळे ठोकलेले. मोजले, अकरा. प्रत्येकाभोवती काळा दोरा, आणि भोकांतून पांढरा चीक ओघळतोय. मला इतकी चीड आली! राईचा गुरव लवू तिथेच होता. त्याला विचारलं तर त्याने एकदम माझा हात धरला. म्हणाला, "मास्तर, खिल्यांना हात लावू नका. ते आपल्या जागेवर हायत, तय ऱ्हांदेत." का, ते मात्र सांगेना. वाळक्या पानाला जपणारी माणसं झाडाच्या अंगात खिळे ठोकतात, याला काय म्हणावं?

२४ सप्टेंबर, रविवार

आपला हात जगन्नाथ! नवरात्र म्हणून लवू गावातल्या देवळात अडकलेला, मंडळाचे सभासद उपासाने थकलेले. मी पहार आणि पकड घेतली, विमलाने शेणमाती कालवली. सकाळी आठपासून दुपारी एकपर्यंत अकराच्या अकरा खिळे उपटले. हाताला फोड आले. प्रत्येक भोक विमलाने शेणमातीने नीट लिंपलं, कापलेल्या बोटाला चिंधी बांधावी तसं.

लोखंड जुनं पण कसदार. राईशेजारी घिसाड्यांचा तळ पडलाय, बिचारे पार सोलापूरकडून आलेत. त्यांच्याकडून त्याच खिळ्यांची अकरा खुरपी करून घेतली आणि राईत ठेवून आलो. खुरपी झाली, आता धरणारे हात तेवढे हवेत.

१ ऑक्टोबर, रविवार

हात आले! आज राईत पोचतो तो अकरा माणसं ओळीने बसलेली, प्रत्येकाच्या हातात एक खुरपं. पुरुष सात, बाया चार. एकही ओळखीचा नाही. शेजारच्या वाडीतली असावीत. सगळी मुकी असल्यासारखी गप्प. प्रत्येकाच्या अंगावर कुठे ना कुठे शेणमातीचा लेप: कुणाच्या कपाळाला, एकीच्या गळ्याला, एकाच्या छातीला. गळवावर लावतात तसला गावठी उपाय असेल. पुऱ्या दिल्या, घेतल्या नाहीत.

पण काम! तासाभरात घाणेरीचं अर्धं रान साफ. फक्त एक खोड. एक झुडूप उपटलं की सगळी थांबून माझ्याकडे बघत आणि एका आवाजात विचारत, "फुडं?" दर झुडपाला "फुडं?" शेवटी मी वैतागलो. त्यांना बसवून व्याख्यानच दिलं. घाणेरी, काजू, मिरची, पपई, गुलमोहर ही सगळी बाहेरून आलेली मंडळी, हे समजावलं. म्हटलं, जे या मातीतलं नाही ते मुळासकट उपटायचं. जवळचं आधी, मग लांबचं. आणि मला पुन्हा पुन्हा विचारत बसायचं नाही.

त्यांनी माना डोलावल्या. महिन्याभरात पहिल्यांदा कुणीतरी माझं पूर्ण ऐकून घेतलं. फार बरं वाटलं.

४ ऑक्टोबर, बुधवार

शाळा सुटल्यावर राईकडे चक्कर टाकली. उतारावर घाणेरीची काडी उरलेली नाही. हे तीन दिवसांत? आणि मी नसताना? आमच्या पेन्शनरांना आणून दाखवायला हवं.  विमलाला ती गळ्याला लेप लावलेली बाई आवडली नाही. मी म्हटलं, आलेल्या माणसांत खोड काढू नकोस, मोठ्या मुश्किलीने मिळालीत.

८ ऑक्टोबर, रविवार

भिकाजींच्या तीसही काजू आडव्या. मुळं आभाळाकडे. भर दुपारी, घरात माणसं जेवत असताना. आवाज म्हणून नाही. भिकाजी रडत होते. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून म्हटलं, "मास्तर, ह्या तुमच्या मंडळाचा काम." 

आळीभर हाच प्रकार. परसातल्या मिरच्या, पपया, एकूणएक. लोक दारात येऊन शिव्या देऊन गेले. तसाच संतापाने राईत गेलो. अकराही जणं काम करत होती. थांबा म्हणून ओरडलो. कुणी मान वर केली नाही. समोर उभा राहिलो तर मला वळसा घालून पुढे. विचारत बसू नका, असं मीच सांगितलं होतं ना!

१० ऑक्टोबर, मंगळवार

शाळेसमोरचा गुलमोहर मधल्या सुट्टीत उपटलेला सापडला. चार बैलांनी हलला नसता. हेडमास्तरांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, मंडळ बंद करा. बंद! जणू माझ्या हातात आहे.

संध्याकाळ व्हायच्या आत लवूला गाठलं. आज बोलला. गावात जे कोणी वाईट मरण मरून लोकांना छळू लागले, त्यांना त्याच्या आजा-पणजाने सातविणीत बांधून घातलं. एकेकाला एकेक खिळा, जिथे ज्याची जखम तिथे. बांधलेलं सुटलं की ते सोडवणाऱ्याकडे काम मागतं. दिलेलं काम ते पुरं केल्याशिवाय सोडत नाही. मी म्हटलं, परत ठोकू. तो म्हणाला, तोच खिळा हवा, दुसरा चालत नाही. मग त्यानेच विचारलं, "खिले खय हायत?"

मी खुरप्यांचं सांगितलं. तो खालीच बसला.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

घिसाड्यांकडे गेलो. खुरपी कशीही मिळवीन, पण त्यांचे पुन्हा खिळे होतील का, एवढं विचारायचं होतं.

तळ जागेवर. भाता जागेवर. चुलीवर भाकरी करपलेली. माणसं नाहीत. जमिनीत जोडीजोडीने खड्डे, पायांच्या मापाचे, कडेची माती भुसभुशीत— खुरपून काढलेली. सहा जोड्या. त्यांतली एक अगदी लहान.

सोलापूरकडून आले होते बिचारे. मीच त्यांना काम दिलं.

विमलाला सांगणार नव्हतो. तिने चेहऱ्यावरून ओळखलं. म्हणाली, "आपण तरी कुठल्या मातीतले?"

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

विमलाला वाईला पाठवायचं. आंबा घाट चढली की सुटली. लवू म्हणतो, घाटावर यांची सत्ता नाही. मोटारीच्या अड्ड्यावर दोन तास हुज्जत. दिवाळीची गर्दी, जागा नाही. हात जोडले. ओरडलो. नाही म्हणजे नाही. उद्या या. उद्या!

घरी आलो तर ती तुळशीपाशी उभी. घामाने ओली. म्हणाली, पाय उचलत नाहीत. तिच्या पावलांभोवती माती उकरलेली, गोल— मी तिला उचलून आत आणलं. तळव्यांना खुरप्याचे ओरखडे. बारीक. रोपाची मुळं दुखू नयेत म्हणून जपून खुरपतात, तसे.

१४ ऑक्टोबर, शनिवार

उद्या सकाळी सातच्या मोटारीत एक जागा मिळाली. एकच. ती म्हणते, तुम्हाला सोडून जाणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर हात उगारला. मारलं नाही. दोघेही रडलो.

दिवसभर तिला जमिनीला पाय लावू दिला नाही. खाटेवर बसवून ठेवलं. परसात खर्र खर्र— चालूच.

लवूला विचारलं, त्यांना अडवता येईल का. नाही. पण जवळचं आधी, मग लांबचं. तेवढं ते पाळतील. म्हणजे मी त्यांच्या जवळ राहिलो पाहिजे. तिच्यापेक्षा जवळ.

१५ ऑक्टोबर, रविवार

सात वाजता गाडी सुटली. विमलाला भिकाजींनी खांद्यावर घेऊन गाडीत बसवलं. एवढं नुकसान होऊनही आले. त्यांचे पाय धरले.

मी राईच्या नाक्यावर, गाडीरस्त्याच्या कडेला बसलो आहे. गाडी घाट चढायला अकरा वाजतील. तोवर सगळे इथे राहिले पाहिजेत. सगळे.

नऊ. कोणी नाही. या ना! महिनाभर लोकांची वाट बघत बसलो, आज तरी—

साडेनऊ. दिसले. उतारावरून.

माझ्याभोवती बसलेत. खुरपायला लागलेत. दुखत नाही, गार लागतं. पाय हलत नाहीत. हरकत नाही. हात आहेत. मोजतो.

छातीवाला. कपाळवाला. दोघे एकसारख्या तोंडाचे, भाऊ असावेत. चार. म्हातारी. सहा, सात. आठ, पाठीमागे. 

माती गुडघ्यापर्यंत— घड्याळ दहा. गाडी अजून खालीच.

नऊ. दहा.

ती गळ्याला लेप लावलेली कुठे आहे? पुन्हा मोजतो. एक, दोन, तीन, चार, म्हातारी, सहा, सात, आठ, नऊ, दहा, आणि