छबीची आई परत आली

साक्री, ता. १८ फेब्रुवारी १९६८

ती. अक्कास कुसुमचा नमस्कार.

आम्ही सगळे खुशाल आहोत. दोन वर्षं आम्ही सांभाळतोय त्या छबीची आई सोमवारी दारात उभी राहिली! ती क्षयाने गेली असं तिच्या दिराने सांगितलं होतं. ती तर बरी होऊन आली.

छबी माझ्या पदराआड लपली. "नेत नाही तिला, नुसती पाहू द्या," ती बाई म्हणाली.

समोरच्या झुंबरबाई पुढे झाल्या. "मनी खोली रिकामी शे, आठेच ऱ्हाय." मग ती त्यांच्याच खोलीत राहिली, आणि गल्लीनेच भांडी, अंथरूण दिलं.

तुझे गुडघे कसे आहेत?

काल छबी आपल्या आईच्या मांडीवर झोपलेली दिसली. मी दारातूनच मागे फिरले. अक्का, चार दिवस येऊन राहशील का?

तुझी,
कुसुम